सर्वांसाठी खुल्या असलेल्या सल्ला केंद्रात काही माणसे का येत नाहीत?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. करवीर तालुक्यातील एका मोठ्या गावात आपल्या संस्थेचे मोफत सल्ला व मार्गदर्शन केंद्र आहे. कौटुंबिक वाद, शासकीय योजना, शिष्यवृत्ती आणि नोकरी या विषयांवर तेथे माहिती दिली जाते. फलकावर ‘सर्वांसाठी खुले’ असे लिहिले आहे आणि कोणालाही परत पाठवले जात नाही. तरीही गावाबाहेरच्या वस्त्यांतील लोक, परराज्यांतून आलेले कामगार आणि दिव्यांग व्यक्ती फारशा येत नाहीत, आणि ज्या येतात त्या दुसऱ्यांदा फिरकत नाहीत. आम्ही भेदभाव करत नसताना यात भेदभावाचा संबंध कोठे येतो, तो असल्यास नेमके काय बदलावे, आणि येणाऱ्यांची जात-धर्म नोंदवून ठेवणे योग्य आहे का, असे आपण विचारले आहे.

कोल्हापूर शहरात आणि जिल्ह्याच्या तालुक्यांत मी बरीच वर्षे समुपदेशन आणि कायदेविषयक सल्ल्याचे काम करत आहे. त्या कामाच्या आधारे माझे उत्तर असे आहे की, संबंध आहे आणि तो बहुधा आपण जेथे पाहता तेथे नाही. कोणाला दारातून परत पाठवले जाते का, एवढेच आपण तपासले आहे. भेदभाव सोसलेला माणूस मुळात उशिरा येतो, आल्यावर निम्मेच सांगतो, त्या निम्म्या माहितीवर आपण सल्ला देतो आणि तो सल्ला लागू न पडल्यामुळे तो पुन्हा येत नाही. आपल्या नोंदवहीत मात्र ‘सल्ला दिला, प्रकरण बंद’ अशी ओळ राहते. म्हणून माझ्या मते आपला खरा प्रश्न सेवा नाकारली जाते का, हा नाही. आपण देत असलेला सल्ला काही लोकांच्या बाबतीत अपुऱ्या माहितीवर उभा राहतो का, हा आहे.

यातील बरेच काही परिस्थितीवर अवलंबून असते, हे आधीच सांगतो. केंद्र कोणाच्या जागेत आहे, तेथे बसणारी व्यक्ती गावातीलच आहे की बाहेरची, सेवा कोणत्या प्रकारची आहे, यावर उत्तर बदलते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी आलेला विद्यार्थी आपले नाव, गाव, जात चारचौघांत सांगतो, कारण अर्जात ते लिहावेच लागते. घरातील मारहाणीबद्दल बोलायला आलेली बाई तसे करणार नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या बिहार किंवा ओडिशाच्या कामगाराची अडचण भाषेची आणि पाळीच्या वेळेची असते, तर गगनबावडा किंवा शाहूवाडीतील धनगरवाड्यांवरील कुटुंबांची अडचण पावसाळ्यात रस्त्याचीही असते. प्रत्येक गैरहजेरीमागे भेदभावच असतो असे धरून चालणे चुकीचे ठरेल. मात्र हे ओळखण्याची एक साधी कसोटी मी वापरतो. एसटीची फेरी गैरसोयीची असेल तर त्या दिशेचे सगळेच लोक सारखे कमी येतील. एकाच थांब्यावर उतरणाऱ्या दोन वस्त्यांपैकी एका वस्तीतील लोक येत असतील आणि दुसरीतील येत नसतील, तर कारण एसटीत शोधू नये.

अशा ठिकाणी मी प्रथम जागा पाहतो. आपल्याकडे गावातील केंद्र बहुधा ग्रामपंचायतीच्या इमारतीत, एखाद्या तालमीच्या खोलीत, देवळाच्या सभागृहात किंवा संस्थेच्या पदाधिकाऱ्याच्या घराच्या सोप्यात भरते. जागा फुकट मिळते म्हणून ती घेतली जाते आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. परंतु त्या जागेचा स्वतःचा एक इतिहास गावाला ठाऊक असतो. ज्या सभागृहात आपल्या वडिलांना पायरीवर थांबवले जात होते, तेथे आज खुर्चीवर बसवले जाईल असे कोणी फलकावरून मानत नाही. शिवाय येणारा माणूस तेथे कोण बसले आहे ते पाहतो. शेतमजुराची थकलेली मजुरी ज्या शेतकऱ्याकडे अडली आहे, त्याचाच पुतण्या आपल्या टेबलाशी नोंदी घेत असेल, तर तो मजूर केंद्रात येणे म्हणजे गावासमोर तक्रार करणेच होय. आपला कार्यकर्ता कितीही सज्जन असला तरी धोका त्या मजुराच्या पदरात पडणार असतो, आणि तो धोका तोलण्याचा अधिकारही त्याचाच आहे.

हा धोका काल्पनिक नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला, याचे कारण जातपंचायती आणि गावकी आजही माणसाचे व्यवहार थांबवू शकतात. पिठाची गिरणी, किराणा दुकान, सोसायटीचे दूध संकलन, उसाच्या लागणीचे काम या ठिकाणी अबोला धरला गेला की हातावर पोट असलेल्या कुटुंबाला फार दिवस टिकता येत नाही. कायद्याने बहिष्कार हा गुन्हा ठरवला असला तरी गुन्हा सिद्ध होईपर्यंतचे दिवस त्या कुटुंबालाच काढायचे असतात. म्हणून ‘घाबरायचे कारण नाही, कायदा आहे’ हे वाक्य मी कोणालाही पहिल्या भेटीत सांगत नाही.

दुसरे कारण, आपल्याकडे येण्यापूर्वी त्या माणसाला इतर कचेऱ्यांत काय वागणूक मिळाली, हे आहे. याचे एक उदाहरण मला सतत दिसते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम ३९अ आले, समान न्याय आणि मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले, आणि त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली संमत होऊन ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. या अधिनियमाच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेल्या व्यक्ती आणि पूर, दुष्काळ, जातीय अत्याचार यांचे बळी ठरलेल्या व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा उरलेल्यांसाठी आहे. तरीही ‘आधी उत्पन्नाचा दाखला आणा’ असे सांगून परत पाठवलेल्या बायका माझ्याकडे येतात. तलाठ्याचा दाखला, त्यासाठी बुडालेली मजुरी, सेतूमधील रांग, तेथे झालेली उलटतपासणी या सगळ्यानंतर ती बाई ‘मोफत’ या शब्दावर विश्वास ठेवत नाही, आणि तिच्यामुळे तिची जाऊ आणि शेजारीणही ठेवत नाही. आपल्या केंद्राचा यात काहीच दोष नाही, पण आपल्या दारापर्यंत न पोहोचलेल्यांत त्या तिघीही असतात.

आता केंद्राच्या आत येऊ. आमच्या कामात पहिल्या पाच मिनिटांना मी सर्वाधिक महत्त्व देतो. सगळ्यांसमोर ‘पूर्ण नाव सांगा’ असे मोठ्याने विचारले की आडनावावरून जात कळते, आणि ती कळल्यावर समोरच्या चेहऱ्यावर काय उमटते हे पाहण्याची सवय त्या माणसाला लहानपणापासून असते. कोल्हापूरच्या बोलण्यात एकेरी हाक ही आपुलकीची खूण आहे हे खरे आहे, परंतु एकाला ‘या, बसा’ आणि त्याच वयाच्या दुसऱ्याला ‘काय रे, काय काम काढलंस’ असे म्हटले गेले तर दोघांनाही फरक बरोबर समजतो. पाणी कोणाला विचारले आणि कोणाला विचारले नाही, कोणाच्या आधी कोणाला आत घेतले, बाईला ‘सोबत कोण आले आहे?’ असे विचारले आणि पुरुषाला विचारले नाही, तृतीयपंथी व्यक्ती आल्यावर बाकावरची माणसे सरकली आणि आपल्या कर्मचाऱ्याने त्यावर काहीच केले नाही, अशा गोष्टींची तक्रार कोणी लेखी देत नाही. ती व्यक्ती फक्त आपले सांगणे आखडते घेते.

हे आखडते घेणे किती महाग पडते, ते एका प्रकरणावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अनुसूचित जातीतील एका तरुणीने वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतील मुलाशी लग्न केले होते. ती प्रथम दुसऱ्या एका केंद्रात गेली आणि तेथे तिने नवरा दारू पितो व मारतो, एवढेच सांगितले. समोर बसलेले गृहस्थ सासरच्या जातीचे होते, त्यामुळे बाकीचे तिच्या तोंडून निघाले नाही. त्यांनी नवऱ्याला बोलावून समज दिली, व्यसनमुक्तीचा पत्ता दिला आणि समेट घडवून दोघांना घरी पाठवले. ऐकलेल्या माहितीवर तो सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. आमच्याकडे ती अनेक महिन्यांनी आली, आणि तिसऱ्या भेटीत, खोलीत फक्त एक महिला सहकारी असताना, सासरची माणसे तिला चुलीपाशी येऊ देत नाहीत, भांडी वेगळी ठेवतात आणि गल्लीतील लोकांसमोर जातीवरून बोलतात, हे तिने सांगितले. ही माहिती मिळताच प्रकरणाचे स्वरूपच पालटले. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत संरक्षण आणि राहत्या घराचा हक्क मागता येत होताच. त्याबरोबरच १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा विचार करावा लागला. त्यात जातीवाचक अपमान लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झाला का, ते शब्द कोणी ऐकले, हे निर्णायक असते. त्या गल्लीतील घटनेचे साक्षीदार पहिल्या भेटीनंतर लगेच बोलते झाले असते. इतक्या महिन्यांनी त्यांपैकी बहुतेकांनी काही आठवत नसल्याचे सांगितले.

या प्रकरणात कोणीही तिला नाकारले नव्हते. तरीही तिला मिळालेला सल्ला आणि तिला मिळायला हवा होता तो सल्ला यांत जे अंतर पडले, ते जातीमुळेच पडले. माझे सगळे म्हणणे या अंतराबद्दल आहे.

भाषेच्या आणि श्रवणाच्या बाबतीत हेच अंतर मध्यस्थामुळे पडते. गडहिंग्लज, चंदगड, शिरोळ या भागांत कन्नड बोलणाऱ्या बायका येतात, यंत्रमागावरील हिंदी किंवा ओडिया बोलणारी कुटुंबे येतात, बहिऱ्या व्यक्ती येतात, आणि त्यांच्या वतीने नवरा, सासू किंवा शाळकरी मुलगा बोलतो. ज्याच्याविरुद्ध बोलायचे आहे तोच दुभाषी असेल, तर ती बाई काय बोलणार? मुलाला दुभाषी करणे मला त्याहूनही गैर वाटते, कारण आईच्या मारहाणीची हकिकत त्याच्याच तोंडून वदवून घेतली जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने न्याय मिळवण्याच्या प्रक्रियेत दिव्यांगांना अडथळा येऊ नये, ही जबाबदारी शासनावर टाकली आहे, आणि गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणे हे तत्त्व त्यात आहे. छोट्या केंद्राला पगारी सांकेतिक भाषातज्ज्ञ परवडत नाही हे मला मान्य आहे. परंतु मूकबधिर शाळेतील एखाद्या शिक्षकाशी आधीच बोलून ठेवणे, व्हिडिओ कॉलवर त्यांची मदत घेणे आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘आपल्याला बोलण्यासाठी कोणती सोय लागेल?’ असे विचारणे, याला पैसे लागत नाहीत.

शिक्षण आणि नोकरीच्या मार्गदर्शनाकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण तेथील भेदभाव मायेच्या भाषेत बोलतो. ‘तुला झेपेल तेच घे’, ‘घरची परिस्थिती पाहून आयटीआय कर आणि लवकर कामाला लाग’, ‘तुमच्यात मुलींना बाहेरगावी पाठवतात का?’ ही वाक्ये काळजीपोटी उच्चारली जातात आणि ती उच्चारणाऱ्याला आपण काही वावगे केले असे वाटत नाही. परंतु तेवढेच गुण असलेल्या दुसऱ्या मुलाला याच टेबलावर अभियांत्रिकीची, कृषी पदवीची, स्पर्धा परीक्षांची यादी दिली जात असेल, तर पहिल्या मुलाचे पर्याय त्याने नव्हे, आपण कमी केले. आयटीआय वाईट आहे असे मी म्हणत नाही, इचलकरंजी आणि शिरोली परिसरातील उद्योगांत त्या प्रशिक्षणाला चांगली मागणी आहे. प्रश्न फक्त निवड कोणी केली याचा आहे.

म्हणून मी एक क्रम पाळतो आणि तो सर्वांसाठी सारखाच ठेवतो. आधी गुणांच्या आधारे उपलब्ध असलेले सगळे मार्ग सांगायचे. त्यानंतर खर्च सांगायचा आणि तो भागवण्याची साधने सांगायची : महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरील मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरची) शिष्यवृत्ती, वसतिगृह न मिळाल्यास अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना, आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती, आणि ज्याच्या-त्याच्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी किंवा महाज्योती या शासकीय संस्थांचे प्रशिक्षण. जात वैधता प्रमाणपत्राची आठवण बारावीच्या निकालानंतर न करता अकरावीतच करायची, कारण उशिरा मिळालेला हा सल्ला प्रवेशाच्या वेळी निरुपयोगी ठरतो. घरच्या अडचणी शेवटी विचारायच्या, आणि त्याही ‘यातील कोणती गोष्ट अवघड वाटते?’ अशा शब्दांत. पहिल्याच वाक्यात गरिबीचा विषय निघाला की मूल पुढचे काही विचारतच नाही.

या बाबतीत आपल्या शहराला बाहेरून शिकण्याची गरज नाही. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखीव ठेवल्या, हे सर्वांना माहीत असते. मला त्यांच्या कामातील दुसरी बाजू अधिक उपयोगी वाटते. शिक्षणाचे दार उघडले तरी खेड्यातून आलेले मूल शहरात राहणार कोठे, हा प्रश्न त्यांनी सोडून दिला नाही. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. १९१९ साली शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या यांत अस्पृश्यता न पाळण्याचे हुकूम निघाले, तेव्हा ज्या नोकरांना ते पाळायचे नसेल त्यांनी नोकरी सोडावी अशी तरतूद त्यांत होती, म्हणजे हुकमाची जबाबदारी टेबलामागे बसलेल्या माणसावर टाकली गेली. आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढल्यावर तेथे लोक येईनात, तेव्हा महाराज स्वतः तेथे जाऊन चहा घेऊ लागले. बोलावून लोक येत नाहीत तेथे अधिकार असलेल्या माणसाने स्वतः उठून जायचे असते, हे त्यांनी कृतीने दाखवले. आपल्या केंद्रापुढचा प्रश्न याच प्रकारचा आहे, फक्त आकाराने लहान आहे.

येथपर्यंतचे म्हणणे एकत्र करायचे तर, आपल्याकडे न येण्याची कारणे तीन ठिकाणी शोधावी लागतील : केंद्राची जागा व तेथील माणसे, येण्यापूर्वी इतरत्र मिळालेली वागणूक, आणि आत आल्यावर कमी सांगायला लावणारे आपलेच वर्तन. यांपैकी मधल्या कारणावर आपला ताबा नाही, उरलेल्या दोहोंवर आहे.

काय बदलावे, याचे उत्तर मी माझ्या पसंतीच्या क्रमाने देतो. आठवड्यातील एक ठरावीक दिवस आणि वेळ वस्तीत जाऊन बसावे, आणि ती वेळ लोकांच्या कामाप्रमाणे ठरवावी. मागावर दिवसपाळी असेल तर संध्याकाळ, ऊसतोडणीचा हंगाम असेल तर तोडणी कामगारांच्या अड्ड्यावर अंधार पडल्यानंतर. बीडसह मराठवाड्यातून आलेली ही कुटुंबे साधारण पाच महिने आपल्या जिल्ह्यात राहतात, त्यांची मुले, बाळंतपणे, मजुरीचे वाद येथेच असतात, आणि तरीही कोणत्याच केंद्राच्या नोंदवहीत ती दिसत नाहीत. वस्तीत जाताना पहिल्या काही भेटींत प्रकरणे मागू नयेत. शिधापत्रिकेतील नाव, निराधार योजनेचा अर्ज, दिव्यांगत्वाचे ओळखपत्र अशी उघडपणे बोलता येणारी कामे करून द्यावीत. अवघड विषय त्यानंतर आपोआप येतात, बहुधा काम संपवून आपण उठत असताना.

बोलणाऱ्या व्यक्तीला कोणाशी बोलायचे याची निवड द्यावी. आपल्या संस्थेत सगळे कार्यकर्ते एकाच समाजाचे आणि एकाच गल्लीतील असतील, तर पुढची नेमणूक करताना याचा विचार व्हावा. स्वतःच्याच समाजाचा कार्यकर्ता प्रत्येकाला हवा असतो असे मात्र नाही. लहान वस्तीत उलट बाहेरचा माणूस बरा वाटतो, कारण आपली गोष्ट त्याच्याकडून घरी पोहोचणार नाही याची खात्री असते. ज्यांना तोंड दाखवायचेच नाही त्यांच्यासाठी फोन हा मोठा आधार आहे. विधी सेवेसाठी १५१००, महिलांसाठी १८१, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक नुसते भिंतीवर चिकटवू नयेत, भेटीत हातात लिहून द्यावेत.

पुढे पाठवण्याच्या पद्धतीवर मी आग्रही आहे. कोऱ्या कागदावर ‘विधी सेवा प्राधिकरण, न्यायसंकुल, कसबा बावडा’ एवढे लिहून दिले की आपले काम संपले असे समजले जाते, पण भेदभाव सोसलेल्या माणसासाठी प्रत्येक नवीन कचेरी ही नवीन परीक्षा असते आणि निम्मी माणसे त्या चिठ्ठीसह घरीच थांबतात. तेथील कोणत्या टेबलावर जायचे ते आधी फोन करून विचारावे, भेटीची वेळ ठरवावी, कोणती कागदपत्रे लागणार नाहीत तेही सांगावे, आणि पहिल्या वेळी शक्यतो कोणीतरी सोबत जावे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झाले आहे. त्यामुळे मुंबईचे अंतर आणि खर्च यांमुळे सोडून दिली जाणारी प्रकरणे आता लढता येतील, पण त्यासाठी ती आपल्यासारख्या गावातील केंद्रांतून वेळेवर पुढे पोहोचली पाहिजेत.

इतर कचेरीत आपल्या माणसाला भेदभावाची वागणूक मिळाल्यास काय करावे, हे आपण विचारलेले नाही, पण ते लवकरच समोर येईल. तारीख, वेळ, टेबल आणि नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत. तोंडी नकार स्वीकारू नये, अर्ज लेखी द्यावा आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. अधिसूचित, म्हणजे शासनाने या कायद्याखाली जाहीर केलेली, सेवा असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदतीनंतर अपील करता येते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीची फिर्याद लोकसेवकाने जाणूनबुजून टाळली, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ मध्ये त्यासाठी शिक्षा आहे. मात्र तक्रार करायची की नाही, हा निर्णय त्या व्यक्तीचा असतो. त्याच कचेरीत तिला पुढची वर्षे जायचे असते, आणि आपल्या संतापासाठी तिने किंमत मोजावी अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. परिणाम सांगावेत, सोबत राहण्याची तयारी दाखवावी आणि तिला वेळ द्यावा. आपल्याच केंद्राविरुद्ध तक्रार करण्याचीही सोय असावी, आणि ती ऐकणारी व्यक्ती केंद्रात रोज बसणारी नसावी.

शेवटचा प्रश्न नोंदींचा. जात, धर्म, दिव्यांगत्व यांची नोंद ठेवली नाही तर कोण येत नाही हे कधीच कळणार नाही, आणि ती चुकीच्या पद्धतीने ठेवली तर नोंद घेणे हेच लोकांना दूर ठेवण्याचे कारण बनेल. त्यामुळे ही माहिती पहिल्या भेटीत दारात विचारू नये. काम झाल्यानंतर, ती कशासाठी हवी आहे हे सांगून, द्यायची नसल्यास नाही म्हणण्याची मुभा ठेवून, नाव नसलेल्या वेगळ्या कागदावर घ्यावी. शिष्यवृत्तीसारख्या कामात जात विचारावीच लागते, तेथे ती अर्जापुरतीच ठेवावी. एचआयव्हीविषयीची माहिती २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने संरक्षित आहे आणि ती सर्वसाधारण नोंदवहीत कधीही येऊ नये. वस्तीचे नाव आणि भेट पहिली की पुढची, या दोन गोष्टी मात्र प्रत्येक नोंदीत ठेवाव्यात. दर तीन महिन्यांनी गावातील वस्त्यांच्या लोकसंख्येशी त्या ताडून पाहाव्यात. एखाद्या वस्तीतील लोक पहिल्यांदाच येत नसतील तर दोष बहुधा जागेत किंवा माहिती पोहोचण्यात असतो, आणि येऊन परतत नसतील तर तो बहुधा टेबलाशी असतो. आपल्या वर्णनावरून आपल्याकडे दोन्ही आहेत, तेव्हा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाची तारीख ठरवण्याआधी वस्तीतील समाजमंदिरात किंवा अंगणवाडीच्या खोलीत आठवड्यातून एक संध्याकाळ बसण्याची परवानगी मिळवावी. प्रशिक्षण त्यानंतर, तेथे ऐकलेल्या गोष्टी हाताशी असताना घ्यावे, म्हणजे ते कोणत्या वागण्याबद्दल आहे हे कार्यकर्त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.